नागपुरातलं विजेचं बिल: कोणतं उपकरण किती वीज खातं ते मोजा, मग कमी करा

मार्च संपत आला की नागपुरात नव्याने घर केलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो: एसी घ्यावा की कूलरवर भागवावं, आणि बिल किती येईल? शेजारी म्हणतात, "पाच हजार तरी धरा." ऑफिसातला मित्र म्हणतो, "आमचं तर दोनच येतं." दोघंही खरंच सांगत असतात, पण त्यांच्या आकड्यांचा तुमच्या घराशी काही संबंध नसतो. घर कितव्या मजल्यावर आहे, दुपारी घरी कोण असतं, मीटर तुमचं आहे की घरमालकाचं, यावर सगळं ठरतं.

हा हिशेब ज्याचा त्याला करता येतो, त्यासाठी इलेक्ट्रिशियन लागत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. चार माणसं, एक कूलर, एक एसी. इथल्या पहिल्या उन्हाळ्यापासून मीटरचे आकडे वहीत लिहायची सवय लावून घेतली. मिहानमध्ये नोकरीला आलेले, हिंगण्याकडे शिकायला आलेले, लग्नानंतर वेगळं घर मांडलेले असे ओळखीचे बरेच जण दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो आहे.

## आधी हे जवळ घ्या

- महावितरणचं अलीकडचं बिल. त्यावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, तो फार उपयोगी आहे.
- बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल नंबर. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये यावरून जुनी बिलं उघडतात.
- एक वही. मोबाइलमध्येही लिहिता येतं, पण फ्रिजवर अडकवलेली वही घरातल्या सगळ्यांच्या नजरेत राहते.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि कॅमेरा.
- हवं असेल तर प्लगमध्ये लावायचं छोटं वॅट-मीटर. फ्रिज आणि टीव्हीसाठी ते सोयीचं आहे, पण त्याच्यावाचून अडत नाही. घेतलंच तर ते किती अँपिअरचं आहे ते पाहा. सहा अँपिअरच्या मीटरवर गीझर किंवा एसी लावू नका.

## १. बिल पूर्ण वाचा

बहुतेक जण फक्त खालची रक्कम पाहतात. तुम्ही तीन गोष्टी पाहा.

पहिली, चालू रिडिंग आणि मागील रिडिंग. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमची युनिटं. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवणं. बिलावरचं चालू रिडिंग आणि मीटरवरचा आकडा यांचा मेळ बसतो का, तेही बघा. घर बंद होतं किंवा रिडिंग मिळालं नाही म्हणून सरासरीने बिल आलं असेल, तर त्या बिलावरून काढलेला कोणताही निष्कर्ष चुकणार. अशा वेळी अ‍ॅपमधून स्वतः मीटरचा फोटो काढून रिडिंग पाठवता येतं.

दुसरी, आकारांची फोड. स्थिर आकार वापर शून्य असला तरी द्यावा लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटांवर लागतात, इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलू शकतो, आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे युनिटाचा छापील दर पाहून केलेला हिशेब नेहमी कमीच निघतो.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टप्पे. घरगुती दराचे महिन्याला ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चार टप्पे आहेत. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा वीज आकार दुपटीहून जास्त आहे आणि पुढे तो आणखी चढतो.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: "३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो." तसं होत नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दराने लागतात, पुढची २०० दुसऱ्या दराने, आणि फक्त वरची वरच्या दराने. तेव्हा ३०१ वं युनिट दिसलं म्हणून घाबरून पंखे बंद करू नका.

मात्र याचीच दुसरी बाजू फार थोड्यांच्या लक्षात येते. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सर्वात वरच्या, म्हणजे तुमच्या सर्वात महाग टप्प्यातून कमी होतं. पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे.

एप्रिल-मेमध्ये कधी कधी एक वेगळंच बिल हातात पडतं, ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. मागच्या वर्षीच्या वापरावरून ठेव वाढवून मागतात. तो विजेचा खर्च नाही, ती तुमचीच ठेव असते आणि तिच्यावर व्याज मिळतं. ही रक्कम वापराच्या बिलात मिसळून "यंदा बिल दुप्पट आलं" असं धरू नका.

## २. आठवडाभर रोज एकाच वेळी मीटर बघा

सकाळी दूध घ्यायला किंवा कचरा द्यायला खाली उतरता, तेव्हाच आकडा टिपा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात: तारीख, वेळ, दाब, कमाल मागणी. ज्याच्या शेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेलं दिसतं तोच आपला. फ्लॅटमध्ये सगळी मीटरं खाली एकाच पेटीत असतात, म्हणून बिलावरचा मीटर क्रमांक आणि समोरच्या मीटरचा क्रमांक पहिल्या दिवशी जुळवून घ्या. शेजाऱ्याचं मीटर महिनाभर टिपणारेही मी पाहिले आहेत.

आकड्यापुढे त्या दिवशी काय वेगळं झालं ते दोन शब्दांत लिहा: "पाहुणे", "रात्रभर एसी", "दोनदा मशीन". आठवड्याच्या शेवटी वहीच बोलू लागते. जुनी मंडळी घरी असलेला दिवस आणि सगळे बाहेर असलेला दिवस यांत किती फरक पडतो, ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांत दिसतं.

स्मार्ट मीटर बसलं असेल तर हे काम आणखी सोपं, कारण वापर अ‍ॅपमध्येच दिसतो.

## ३. यादी करा: वॅट गुणिले तास

घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा खाली एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरचे वॅट लिहून घ्या. मग वॅटला रोजच्या तासांनी गुणा आणि १००० ने भागा. रोजची युनिटं मिळतात. ३० ने गुणलं की महिना.

वरच्या मजल्यावरच्या चार माणसांच्या घराचा मे महिन्याचा अंदाज साधारण असा बसतो:

- तीन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, १४ तास: ९५ युनिटं
- कूलर, पंपासह २०० वॅट, १४ तास: ८४ युनिटं
- दीड टनाचा एसी, रात्री ८ तास, तासाला सरासरी एक युनिट: २४० युनिटं
- फ्रिज: ३० युनिटं
- एलईडी दिवे: १४ युनिटं
- टीव्ही: १२ युनिटं
- पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर: ११ युनिटं
- वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर मिळून: १२ युनिटं
- वायफाय, सेट-टॉप बॉक्स, स्टॅबिलायझर अशी दिवसभर जागी असणारी उपकरणं: १८ युनिटं

एकूण ५१६. यातली ४१९ युनिटं फक्त हवा आणि थंडावा यासाठी गेली. नागपुरातला उन्हाळी हिशेब या तीन ओळींतच जिंकायचा किंवा हरायचा असतो. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्यावरून घरात वाद घालू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

पट्टीवरचे वॅट आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक पडतो, हे मात्र ध्यानात ठेवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर कमी वीज ओढतो. इस्त्री आणि गीझर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतात. म्हणूनच पुढची पायरी हवी.

## ४. मीटरच्या लाल दिव्याने मोजा

मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि त्यापुढे इंग्रजीत "इम्प/केडब्ल्यूएच" असं छापलेलं असतं. अर्थ इतकाच की दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

रविवारी सकाळी दोघांनी मिळून हे करा. एक जण मीटरपाशी, दुसरा घरात, दोघंही फोनवर.

पहिल्यांदा घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मग मेन स्विच पाडा. दिवा थांबला पाहिजे. मेन स्विच पाडल्यावरही तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि तुमचा मेन स्विच यांच्यामध्ये कुठून तरी वीज जाते आहे. भाड्याच्या घरांत जिन्यातला दिवा किंवा सामाईक मोटर भाडेकरूच्या मीटरवर जोडलेली निघते, ती अशीच सापडते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या मीटरवरून पूर्ण इमारतीची पाण्याची मोटर चालत होती. घरमालकालाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी वायरिंग बदलून दिलं.

मग मेन चालू करा आणि एकेक उपकरण लावून मिनिटभरात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. मीटरवर ३२०० असेल तर त्या संख्येला १८.७५ ने गुणा, १६०० असेल तर ३७.५ ने. आलेला आकडा म्हणजे वॅट. कूलर लावल्यावर मिनिटाला ११ वेळा लुकलुकला तर तो साधारण २०० वॅट ओढतो. जुना पंखा जेमतेम चार वेळा लुकलुकवतो, त्यामुळे पंख्यासाठी पाच मिनिटं मोजून सरासरी काढा.

एसीसाठी ही पद्धत चालत नाही, कारण त्याची ओढ दर काही मिनिटांनी बदलते. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा टिपा. पंखे आणि फ्रिज यांचा वाटा वजा केला की रात्रीचा एसी किती युनिटांचा ते उरतं. आमच्याकडे मे महिन्यात तासाला एक युनिटाच्या आसपास येतं. खालच्या मजल्यावरच्या बंद, सावलीतल्या खोलीत याहून बरंच कमी येईल.

## ५. पैशात मांडा, पण सरासरीने नव्हे

महावितरणच्या संकेतस्थळावर बिलाचा हिशेब करून देणारं पान आहे, त्यात युनिटं टाकून पाहा. इथे समजण्यासाठी, वहन आकार धरून, पूर्णांकातले दर घेऊ: चार टप्प्यांना अनुक्रमे ६, ११, १५ आणि १६ रुपये. तुमच्या बिलावरच्या दरांनी ते बदलून घ्या, कारण दर मधूनमधून बदलतात.

५१६ युनिटांचे ६०० + २२०० + ३००० + २५६ म्हणजे ६०५६ रुपये झाले. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क वेगळं. सरासरी काढली तर युनिटाला पावणेबारा रुपये पडतात.

आता तिन्ही जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज ओढणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर महिन्याला ५७ युनिटं वाचतात. सरासरीने गुणलं तर ६७० रुपये वाचतील असं वाटतं. प्रत्यक्षात बिल ४५९ युनिटांचं होतं आणि ५१८५ रुपयांवर येतं, म्हणजे वाचले ८७१. त्यावरचं १६ टक्के शुल्कही वाचलं की हजाराच्या वर. हेच ५७ युनिटं जानेवारीत वाचवली असती, तर वापर दुसऱ्या टप्प्यात असल्यामुळे ७३० रुपयांच्या आसपास वाचले असते, आणि जानेवारीत पंखे मुळात बंदच असतात.

म्हणून कोणतंही नवं उपकरण घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: ते कोणत्या महिन्यांत चालतं, आणि त्या महिन्यांत माझा वरचा टप्पा कोणता?

याच हिशेबाने तिसऱ्या टप्प्यात असताना एसीचा एक तास साडेसतरा रुपयांना पडतो आणि कूलरचा साडेतीन रुपयांना. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

## ६. कूलर आणि एसी: कोणता, केव्हा

इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वात जास्त पैसा इथेच आहे.

एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आपल्याकडे कूलर जो काम करतो तो मुंबईत करत नाही. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनमध्ये ढग जमू लागले, पहिला पाऊस पडला, की हवेत आधीच ओल असते. त्या दिवसांत कूलरचा पंप चालवला तर अंग चिकट होतं आणि थंडावा मिळत नाही. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, किंवा एसी. म्हणजे ज्या घरात दोन्ही आहेत तिथे कोरड्या महिन्यांत कूलर आणि दमट आठवड्यांत एसी, अशी वाटणी करता येते. आमच्या घरी एप्रिल पूर्ण कूलरवर जातो.

कूलरकडून काम करून घ्यायचं तर:

कूलर खिडकीबाहेर, बाहेरची हवा ओढेल असा ठेवा. खोलीत आत ठेवलेला कूलर तीच दमट हवा फिरवत राहतो. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हातभर उघडी ठेवा. आत आलेली हवा बाहेर गेलीच पाहिजे. "थंडावा बाहेर जातो" म्हणून सगळं बंद करणाऱ्यांची खोली तासाभरात दमट होते, आणि मग कूलर बिघडला असं वाटतं.

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या, दरवर्षी बदला. वुडवूल स्वस्त, वाळा महाग पण सुगंधी. दोन्हीचं काम एकच. बोअरच्या पाण्याने ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि हवा जाईनाशी होते. हंगामाच्या मधेच थंडावा कमी झाला तर मोटरवर शंका घेण्याआधी ताट्या हाताने दाबून पाहा. कडक लागल्या तर बदलायची वेळ झाली.

कूलरवर दुपारचं ऊन पडत असेल तर वर हिरवी जाळी बांधा. पहाटे बाहेरची हवा गार झाल्यावर पंप बंद करा आणि फक्त पंखा ठेवा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आणि हे पैशापेक्षा महत्त्वाचं: कूलरमध्ये पाणी भरताना, टाकीला किंवा पत्र्याला हात लावताना प्लग काढलेला असला पाहिजे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. लहान मुलं घरात असतील तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता एसी. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू होतात. तिथून वर नेलेल्या प्रत्येक अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ किंवा २७ वर ठेवून पंखा मंद लावा. बाहेर ४४ असताना २७ ची खोली पुरेशी थंड वाटते, एकदा करून बघा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही.

आपल्याकडे धूळ खूप. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. बाहेरचं युनिट बंद गॅलरीत किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका. बसवायला आलेला माणूस पाइप कमी लागावा म्हणून सोपी जागा निवडतो, जागा तुम्ही आधीच ठरवून ठेवा.

आणि एसी चालू असलेल्या खोलीत कूलर लावू नका. कूलर हवेत पाणी सोडतो, एसीला तेच पाणी पुन्हा काढावं लागतं. दोन्ही मिळून जास्त थंड होईल असं वाटतं, होतं उलटंच.

## ७. छत आणि पश्चिमेची भिंत

वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. गच्चीवर मार्चमध्येच चुन्याचे दोन हात द्या किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग लावा. स्लॅबपासून काही फूट उंचीवर हिरवी जाळी बांधली तर आणखी फरक पडतो. भाड्याच्या घरात घरमालकाशी बोला. चुन्याचा खर्च फार नसतो आणि बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून जाळी किंवा चटई जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णताही आत आली.

## ८. बाकीची उपकरणं, थोडक्यात

पंखे: नागपुरात ते वर्षातले बरेच महिने चालतात, म्हणून बीएलडीसी पंख्याचे पैसे इथे लवकर वसूल होतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वात जास्त तास फिरतो तो आधी बदला.

गीझर: एक बादली पाणी अंघोळीजोगं गरम करायला सुमारे अर्धं युनिट लागतं, गीझर लहान असो की मोठा. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे डिसेंबर-जानेवारीत महिन्याला ६० युनिटं. ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर जास्त वीज खातो हा समज चुकीचा आहे, तो तेवढीच उष्णता कमी वेळात देतो. साठवणीचा गीझर सकाळभर चालू ठेवला तर मात्र वीज वाया जाते.

फ्रिज: भिंतीपासून मागे हवा फिरेल इतका सोडा. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून ओढा, ती सहज निघून आली तर रबर बदला.

घरातला इन्व्हर्टर: बॅटरी जुनी झाली की ती सतत चार्ज होत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मीटरचा दिवा मोजताना इन्व्हर्टर चालू आणि बंद, असं दोनदा मोजा.

वॉशिंग मशीन, मोटर, इस्त्री: १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. तुमच्याकडे तसं मीटर असेल तर ही कामं दिवसा उरका.

## ९. नवीन घेताना लेबल असं वाचा

तारे मोजून खरेदी करू नका. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच तारे असलेला एसी नव्या निकषांत चार किंवा तीनवर येऊ शकतो. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तो पाहा. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे वर्षाची युनिटं. एसीच्या लेबलवर तो वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. १६०० ने भागलं की तासाची सरासरी मिळते. पण ही सरासरी बाहेर २४ ते ४३ अंश तापमान धरून काढलेली असते. आपल्या मे महिन्यात ती जास्तच येणार, दुकानदार काहीही म्हणो.

फ्रिजच्या लेबलवरचा आकडा मात्र पूर्ण वर्षाचा असतो, तो थेट १२ ने भागा.

दोन एसींमधल्या युनिटांच्या फरकाला तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा, आणि किमतीतला फरक किती उन्हाळ्यांत भरून निघतो ते दुकानातच मोबाइलवर काढा. दिवसाला दोन तास एसी लावणाऱ्या घराला तीन तारे पुरतात. रात्रभर लावणाऱ्या घराने पाचचाच घ्यावा.

## १०. भाड्याने राहत असाल तर

घरात शिरताना आणि सोडताना मीटरचा फोटो घरमालकासमोर काढा आणि त्यांना तिथेच पाठवून द्या. सब-मीटर असेल तर युनिटाचा दर करारात लिहून घ्या.

एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं असतील तर सगळेच जास्त पैसे भरतात. वरच्याच दरांनी पाहा: तिघांची मिळून ६०० युनिटं एका मीटरवर ७४०० रुपयांना पडतात. तीन स्वतंत्र मीटरांवर प्रत्येकी २०० युनिटं म्हणजे १७०० रुपये, तिघांचे ५१००. प्रत्येक मीटरचा स्थिर आकार वेगळा लागतो, तरी फरक मोठा राहतो. स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर घरमालकाकडे वेगळ्या जोडणीची मागणी करा. एकाच कुटुंबाने टप्पे फोडण्यासाठी दुसरं मीटर घेणं नियमात बसत नाही, त्या सल्ल्याच्या नादी लागू नका.

स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तर पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सौर संचाला अनुदान आहे: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिटं धरतात. पण आधी वरच्या पायऱ्या करून वापर कमी करा, म्हणजे संच लहान लागेल.

## ११. मोजूनही बिल पटलं नाही तर

तुमच्या वहीतली रोजची युनिटं आणि बिलातली युनिटं यांत मोठा फरक असेल, तर आधी बिलाचा कालावधी बघा. दोन रिडिंगांमध्ये ३० ऐवजी ३६ दिवस गेले असतील तर युनिटं वाढलेली दिसतातच. त्यानंतरही मेळ बसला नाही तर १९१२ वर किंवा अ‍ॅपमधून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करता येतो, त्याचं शुल्क भरावं लागतं. अर्जाला वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि मीटरचे तारखेसह फोटो जोडा. नुसतं "बिल जास्त आलं" लिहिलेल्या अर्जापेक्षा त्याची दखल वेगळी घेतली जाते.

तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. लोकपालांचं एक कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. मंचाकडे जाताना मागच्या उन्हाळ्याचं त्याच महिन्याचं बिल बरोबर ठेवा. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करून दाखवा, फेब्रुवारीशी नव्हे.